एका कागदामागे किती वाती

कुणी “साधारण” म्हटलं की उमाताईंच्या कपाळावर एक बारीक आठी उमटत असे. साधारण म्हणजे नेमकं किती, असं त्या विचारत नसत, कारण त्या मुळात कमी बोलणाऱ्या. पण आठी विचारून जाई. पाऊण लिटर दूध मध्यम आचेवर सहा मिनिटं चाळीस सेकंदांत उतू जातं, हे त्यांनी स्वतः घड्याळ लावून मोजलेलं होतं. तरीही ते आठवड्यातून दोनदा उतू जाई, पण तो काही मोजमापाचा दोष नव्हे. कर्जतच्या बाजारपेठेत त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब तेवीस वर्षं चालू होती, आणि “उमाबाईंच्या मशिनीत साखर आली म्हंजे आली, तिथं घासाघीस नाय,” असं आसपासच्या गावांतून बोललं जाई.

अशा उमाताईंच्या लॅबमध्ये रिपोर्ट छापून यायला उशीर होऊ लागला, आणि किती उशीर होऊ लागला हे त्यांना सांगता येईना.

व्यवस्था अशी होती. आतल्या खोलीतल्या यंत्रांमधून आकडे बाहेरच्या कंप्युटरवर येत. तिथलं सॉफ्टवेअर त्यांचा नीटनेटका रिपोर्ट जुळवी, इंदूबाई बटण दाबत आणि प्रिंटर कागद काढी. इंदूबाई लॅब उघडल्या दिवसापासून होत्या. नावं पुकारणं, पाकिटं भरणं आणि प्रिंटर सांभाळणं ही त्यांची कामं. प्रिंटर सांभाळावाच लागे, कारण कागद धरून दिला नाही तर तो एकाऐवजी तीन ओढी आणि मग एकही सोडत नसे. म्हणून इंदूबाई त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत. यंदा त्यांनी चातुर्मासात देवीसाठी लाख वाती वळायचा नेम धरला होता; आषाढी एकादशीला सुरुवात, त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती. तेव्हा बटण दाबलं की कागद येईस्तोवर मांडीवर कापूस आणि बोटांत वात. वातीकडे बघावंही लागत नसे. नजर बाकावरच्या माणसांवर, तोंड चालू आणि हात त्याहून चालू.

पूर्वी बटण दाबून माणूस जांभई देईपर्यंत कागद हजर असे. श्रावणात मात्र असं होऊ लागलं की जांभई संपे, दुसरी येई, शेजारच्याला लागे, बाकाच्या टोकापर्यंत जाऊन परत येई, तरी प्रिंटर आपला ध्यानस्थ.

“बाई,” पोशीरचा नवशा एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाला, “रगत तर तुमी दोन मिंटात काडलं. कागद कुटनं येतोय, मुंबैवरनं? साखर वाडली का नाय ते कळायच्या आदी हितं बसून बसून वाडंल.”

बाकावर हशा पिकला. उमाताई आत गेल्या आणि त्यांनी ठाण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. कंपनीने नागपंचमीनंतरच्या शुक्रवारी नवी आवृत्ती घातली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी पडद्यावरचा हिरवा रंग विनाकारण निळा झाला होता.

फोनवर ऋषिकेश नावाचा मुलगा होता. इतका गोड बोलणारा, की त्याच्याशी भांडायचं म्हणजे आधी स्वतःचा स्वभाव बदलायला हवा.

“मॅडम, आमच्याकडे तर फास्ट चालतंय.”

“इथे चालत नाही.”

“ओके मॅडम. आत्ता किती सेकंद लागतात?”

“चौऱ्याहत्तर. तीस कागदांची सरासरी.” हे उमाताईंनी सकाळीच मोजलं होतं.

“वा! आणि अपडेटच्या आधी किती लागायचे?”

उमाताई म्हणाल्या, “साधारण…”

आणि आपल्याच तोंडून निघालेला तो शब्द ऐकून त्यांनी फोन ठेवला.

जखम खोल होती. उमाताईंच्या लॅबमध्ये रोज सकाळी पहिलं काम म्हणजे ज्याची साखर आधीच ठाऊक आहे असा नमुना यंत्राला पाजणं. यंत्राने बरोबर आकडा सांगितला की तो भिंतीवरच्या आलेखावर टिंब म्हणून बसे. तेवीस वर्षांची टिंबं फायलींत होती. साखरेची होती, हिमोग्लोबिनची होती, फ्रिजच्या तापमानाचीही होती. आणि समोर बसून कागद ओकणाऱ्या त्या खोक्याचं मात्र एकही टिंब नव्हतं. गेलेल्या वेळाला पुन्हा घड्याळ लावता येत नाही. जुनी आवृत्ती परत घालून मोजावं म्हटलं, तर कंपनीने ती बंद करून टाकली होती.

एरवी त्यांनी हेही गिळलं असतं. पण खालापूरजवळ पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना आहे. तिथल्या तीनशे कामगारांची वार्षिक तपासणी चार वर्षं उमाताईंकडे होती. यंदा पनवेलच्या एका मोठ्या लॅबने नमुने न्यायच्या गारेगार गाडीसकट उडी घेतली होती. कारखान्याच्या मॅनेजरने मार्ग काढला: अनंत चतुर्दशीनंतरच्या गुरुवारी साठ कामगार पाठवतो. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांचे रिपोर्ट हातात पडले तर उरलेले तुमचे. नाही पडले तर पनवेलचे. लॅबच्या वर्षाच्या उत्पन्नाचा एक मोठा घास त्या गुरुवारवर अवलंबून होता, आणि ‘कर्जतच्या बाईंना आता झेपत नाही’ हे वाक्य कुणीतरी म्हणायच्या तयारीत होतं. उमाताईंनी एका रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. साठ माणसं, प्रत्येकी चार कागद, कागदाला चौऱ्याहत्तर सेकंद. पाच तास. यंत्रं मोकळी व्हायची साडेतीनला.

“साडेआठ,” उमाताई पुटपुटल्या. “आणि तेही प्रिंटरने एकदाही तीन कागद ओढले नाहीत तर.”

शेजारी धोंडीचं झेरॉक्स आणि मोबाइलचं दुकान होतं. धोंडीला जगातल्या कोणत्याही यंत्राच्या कोणत्याही दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं.

“फॉरमॅट मारा ताई.”

“त्यात तेवीस वर्षांची माहिती आहे.”

“मंग तर माराच. तेवीस वर्षांचं वझं हाय म्हणून तर दम लागतोय त्याला.”

वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, प्रिंटरचं तोंड दक्षिणेला आहे. बँकेतले जोशी म्हणाले, आमच्याकडे तर असंच चालतं, तुम्हाला कशाला घाई? आणि उमाताईंचे वडील अप्पा, वय वर्षं एक्क्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, हे रोज अकरा वाजता लॅबमध्ये येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसत. ते म्हणाले, “उमे, मुलगा मागे पडला की दोष मुलाचा असतोच असं नाही. कधी कधी दप्तर जड झालेलं असतं.” हे वाक्य अप्पांनी पस्तीस वर्षं पालकसभेत वापरलं होतं, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी शेलूहून भाचा आला. अनुपम मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत असे आणि रविवारी मोकळा असे. त्याने आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरने आजाराला नाव द्यावं तसं दिलं.

“ह्याला परफॉर्मन्स रिग्रेशन म्हणतात, आत्या. नवीन काहीतरी घातलं जातं आणि काम आधीपेक्षा मंदावतं. आमच्याकडे त्यावर पहारेकरी बसवलेले असतात. टूल्स. तेच काम रोज करून बघायचं, लागलेला वेळ टिपायचा, आणि आलेख एकदम वर चढला की बोंब ठोकायची.”

“म्हणजे सकाळचा नमुना,” उमाताई म्हणाल्या.

“तेच. फक्त तू लावला नाहीस.”

“ते मला कळलं आहे,” उमाताई म्हणाल्या, आणि अनुपमच्या ताटात तिसरी पुरणपोळी पडायची राहिली.

टूल शोधण्यात तीन रविवार गेले. पहिलं टूल फुकट होतं, पण फुकट द्यायच्या आधी त्याला आपल्या संस्थेत किती हजार कर्मचारी आहेत हे हवं होतं. अनुपमने ‘दोन’ लिहिलं. टूलला ते पटेना. मग त्याने ‘दोन हजार’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून बेंगळुरूहून एक बाई रोज उमाताईंना फोन करून “तुमच्या सीईओंशी बोलायचंय” म्हणू लागली. एकदा तो फोन इंदूबाईंनी घेतला आणि “सायब जेवायला बसल्यात” असं सांगितलं.

दुसरं टूल देखणं होतं. बारा रंगांचे आलेख, गरगर फिरणारी वर्तुळं. बाकावरची माणसं टीव्ही बघावा तसं बघत. नवशाने तर मुक्कामच ठोकला. ते टूल सगळं मोजत होतं. पडदा किती वेळात उघडला, उंदीर किती फिरला, इंटरनेट किती आलं. फक्त कागद किती वेळात आला, तेवढं नाही. पण त्याने रोज सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी एक शिडीसारखी चढण दाखवायला सुरुवात केली. उमाताईंचे डोळे चमकले. त्या तीन दिवस अकरा वाजता दार लावून कंप्युटरसमोर बसल्या, संशयिताची वाट बघत. चौथ्या दिवशी त्या उठून शेजारी गेल्या. धोंडी काउंटरमागे बसून त्यांच्याच वायफायवर तेलुगू सिनेमा उतरवत होता.

“पासवर्ड तुला कुणी दिला?”

“तुमीच, ताई. लॉकडाऊनमधी. एक दिवसापुरता.”

धोंडीचा सिनेमा बंद झाला. चढण सपाट झाली. कागद चौऱ्याहत्तर सेकंदांनीच आला.

तिसरं टूल खरं खोलात शिरणारं होतं. ते घातल्यावर कागदाला दोन मिनिटं लागू लागली. का लागतात हे शोधायला अनुपमने चौथं घातलं. चौथ्याने अर्धा तास विचार करून निर्वाळा दिला, की कंप्युटर मंदावण्याचं मुख्य कारण तिसरं टूल हे आहे. दोन्ही काढली. जाता जाता तिसऱ्याने मात्र एक कामाचं सांगून टाकलं होतं: वेळ जातो तो सॉफ्टवेअर रिपोर्ट ‘जुळवतं’ तिथे.

“म्हणजे कंपनीच्याच घरात,” अनुपम म्हणाला. “पण कधीपासून, हे जुनं मोजमाप असल्याशिवाय कुठलंच टूल सांगणार नाही.”

उमाताईंना एवढं पुरेसं होतं. एरवी त्या कधी कुणाला बोल लावत नसत, पण त्या रात्रभर स्वच्छ झोपल्या आणि सकाळी कंपनीच्या पानावर जाऊन त्यांनी एक तारा दिला. खाली लिहिलं: ‘नव्या आवृत्तीने काम मंद केले आहे. कंपनीस मोजमापाची शिस्त नाही.’ ते वाक्य त्यांनी चार वेळा वाचलं. त्यात त्यांना एकही चूक सापडली नाही.

कंपनीने तक्रार रीतसर करायला सांगितली. रीत अशी: ऑनलाइन अर्ज, त्याला लॅबच्या छापील शीर्षपत्रावर पत्र, सही, शिक्का, शिवाय एका नमुना रिपोर्टची फाइल. पत्र झालं. रिपोर्टची फाइल मात्र अर्ज घेईना. ‘फाइल मोठी आहे. मर्यादा दोन एमबी.’ उमाताईंनी पाच वेळा दिली, पाच वेळा परत आली.

“एक कागद ह्यांना मोठा होतो,” त्या म्हणाल्या, “आणि हे सॉफ्टवेअर करायला निघालेत!”

शेवटी धोंडीने, वायफायच्या पश्चात्तापात, छापलेल्या रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून चढवला. तो मुकाट्याने गेला. ह्या घटनेकडे एका शास्त्रज्ञ बाईंनी जरा थांबून पाहायला हवं होतं, हे आता कुणीही म्हणेल.

तक्रार पोचली, एक ताराही पोचला, आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, ऋषिकेश स्वतः कर्जतला उतरला. फोनवर होता त्याहूनही गोड होता. आल्या आल्या अप्पांच्या पाया पडला, त्यामुळे अप्पा त्याच्या बाजूला गेले. बाकावर नवशासकट सात-आठ माणसं होती. धोंडी दुकान उघडं टाकून दारात उभा होता. इंदूबाई स्टुलावर, कापूस मांडीवर.

उमाताई उभ्या राहिल्या. त्यांनी मनात भाषण तयार केलं होतं, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं भाषण एकदा सुटलं की थांबत नाही.

“नागपंचमीनंतरच्या शुक्रवारी तुमची नवी आवृत्ती आली. शनिवारपासून हे सुरू झालं. मी तेवीस वर्षं मोजमापाचं काम करते. मला कुणी—”

“शनवारपास्नं नाय,” इंदूबाई म्हणाल्या.

“काय?”

“शनवारी नीट आलते कागद. सोमवारी पन. मंगळवारी बिघाडलं.” हात चालूच होता.

“इंदूबाई, महिना होऊन गेला. तुम्हाला कसं आठवेल?”

“आटवायचं कशाला? मांडलंय की.”

त्यांनी स्टुलाखालच्या पिशवीतून एक वही काढली. शाळेची, चौकटीची. लाख वातींचा हिशेब ठेवावाच लागतो, नाहीतर देवीला सांगणार काय? पण इंदूबाईंच्या हिशेबाचे भाग दोन होते. घरच्या वाती अंघोळ करून, देवासमोर बसून वळलेल्या. लॅबच्या वाती मात्र जिथे दिवसभर लोकांचं रक्त काढतात तिथल्या. त्या चालतील का, याचा निकाल भटजींकडून यायचा होता. तोवर भानगड नको म्हणून इंदूबाई लॅबच्या वातींची जुडी वेगळी बांधत आणि वहीत वेगळी मांडत. रोजच्या रोज. आषाढी एकादशीपासून.

उमाताईंनी वही हातात घेतली. त्यांचं भाषण कुठे गेलं ते कुणाला कळलं नाही.

“तुम्ही इथे वाती कधी वळता? फक्त कागदाची वाट बघताना?”

“मंग काय पाकिटं भरताना? तवा हात गुततात. बटन दाबलं की घ्यायची, कागद आला की ठेवायची.”

“आणि एका वातीला वेळ किती लागतो?”

“किती म्हंजे? वातीला लागतो तेवडा.”

उमाताईंनी घड्याळ लावलं. इंदूबाईंना न सांगता वीस वाती मोजल्या. सात सेकंद, आठ सेकंद, सात, सात, आठ. तेवीस वर्षं ज्या बाईच्या शेजारी बसून त्यांनी यंत्रं जुळवली, त्या बाईचा हात यंत्राइतका एकसारखा चालत होता.

मग उमाताईंनी कंप्युटरमधून रोज किती कागद छापले त्याची यादी काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरातून इंदूबाईंच्या तिथी-वारांच्या तारखा लावल्या आणि वाती भागिले कागद असं करत खाली उतरू लागल्या. ऋषिकेश शेजारी बसून भागाकार तपासत होता. एका कागदामागे दोन वाती. दोन. दोन. नागपंचमी, दोन. शुक्रवार, नवी आवृत्ती आली, दोन. शनिवार दोन. दुसरा श्रावणी सोमवार, अडतीस कागद, शहात्तर वाती, दोन.

मंगळवार. चौतीस कागद, तीनशे चाळीस वाती. दहा.

“बघितलंस?” अनुपम तिथे नव्हता, तरी उमाताई त्यालाच म्हणाल्या. आलेख म्हणावा तर असा. जमिनीवरून एकदम माडीवर.

“मॅडम,” ऋषिकेश अगदी हळू म्हणाला, “आमची आवृत्ती शुक्रवारची आहे. मंगळवारी काय झालं?”

“मंगळवारी काही झालं नाही.”

“आसं कसं?” इंदूबाई म्हणाल्या. “पेडा दिलावता तुमी. अप्पांचा श्री बसला त्या दिशी.”

पंख्याखालच्या खुर्चीत अप्पा ताठ झाले.

झालं होतं ते असं. अप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला सगळ्यांनी आशीर्वाद मागितले, तेव्हा ते म्हणाले, “उमे, तुझ्या रिपोर्टच्या माथ्यावर देवाचं नाव नाही. लोकांना तू साखर सांगतेस, धीर कोण देणार?” आणि थरथरत्या हाताने, बोरू आणि शाई मागवून, त्यांनी एका जाड कागदावर तळहाताएवढा ‘श्री’ लिहून दिला. उमाताईंना गहिवरून आलं. पण त्या गहिवरल्या तरी नेमकेपणा सोडणाऱ्या नव्हत्या. एवढी गोष्ट करायची तर नीट करायची, म्हणून त्यांनी तो श्री स्कॅनरच्या सर्वांत वरच्या दर्जावर, काहीही न दाबता-गाळता स्कॅन केला आणि मंगळवारी सकाळी प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर बसवला. कागदावर तो नखाएवढा दिसे.

ऋषिकेशने ती फाइल उघडली. पडद्यावर एक काळा डोंगर आला. तो सरकवत गेला तशी शाईची किनार दिसली, कागदाचे तंतू दिसले, एका जागी बोरूचं एक कुसळ.

“बावन्न एमबी,” तो म्हणाला. “मॅडम, प्रत्येक कागदाला हे उचलून आणायचं, बारीक करायचं, छापायचं.”

“दप्तर,” अप्पा म्हणाले.

त्या क्षणी उमाताईंपुढे दोन वाटा होत्या. बाकावर आठ माणसं होती, दारात धोंडी होता, आणि धोंडीला कळलं म्हणजे दहिवलीपर्यंत कळलं. सॉफ्टवेअरने मोठं चित्र आलं की इशारा द्यायला नको का, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण वहीत आकडा होता. उमाताई ऋषिकेशकडे वळल्या.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची आवृत्ती निर्दोष आहे. रंग सोडून.”

“रंगाची तक्रार खूप जणांची आहे मॅडम,” ऋषिकेश म्हणाला.

बाकावर कुणी हसलं नाही. उलट नवशा म्हणाला, “बाई, आमच्या साकरंचं असंच आसतं. आमी म्हनतो मशीन बिघाडलं, आन् खाल्लेला आसतो आंबा.”

श्री लहान करायचा, तर आधी अप्पांची परवानगी हवी. ऋषिकेशने चाळीस केबीचा करून छापला. अप्पांनी भिंग मागवलं. जुना कागद आणि नवा कागद शेजारी धरून बराच वेळ पाहिलं.

“वेलांटीच्या टोकाला माझा हात थरथरला होता, ते गेलं.”

“ठेवू का अप्पा थोडं मोठं?” उमाताई खरोखरच म्हणाल्या.

“नको. गेलं ते बरंच झालं.”

इंदूबाईंनी बटण दाबलं. एक वात झाली, दुसरी झाली, आणि कागद आला.

गुरुवारी साठ कामगार आले, लोधिवलीचे, चौकचे, खालापूरचे. पाच वाजून बारा मिनिटांनी शेवटचं पाकीट बंद झालं. प्रिंटरने फक्त एकदा तीन कागद ओढले. मॅनेजरने पाकिटं मोजली, घड्याळ पाहिलं आणि “उरलेले सोमवारपासून पाठवतो,” एवढंच म्हटलं. उमाताईंनी रात्री घरी गेल्यावर एक ताऱ्याचे पाच तारे केले, खाली दुरुस्तीपत्र लिहिलं, आणि दूध उतू जाऊ दिलं.

शुक्रवारी इंदूबाई गप्प होत्या. नावंसुद्धा घसा खरवडल्यासारखी पुकारत होत्या.

“काय झालं, इंदूबाई?”

“काय नाय.”

“सांगा तरी.”

“तुमचं झालं बाई बेस,” इंदूबाई म्हणाल्या. “माजं काय? दिसाला साडेतीनशे वाती हितं होत होत्या म्हनून घरच्या कमी केल्या मी. आता परत सत्तरच. त्रिपुरीला पंदरा हजार कमी पडतात. देवीला काय सांगू, कंप्युटर सुदारला?”

उमाताईंनी हिशेब केला. पंधरा हजार चारशे. बाईंचा अंदाज त्यांच्या आकडेमोडीच्या इतका जवळ होता की त्यांना जरा वाईटच वाटलं. भटजींचा निकालही त्याच दिवशी आला: रक्त बंद नळीत, नळी पेटीत, पेटी दुसऱ्या खोलीत, सबब दोष नाही, आणि नेमाला दुसऱ्याचे हात लागले तर पुण्य वाटलं जातं, कमी होत नाही. मग उमाताईंनी दुसऱ्याच दिवशी किलोभर कापूस आणला आणि बाकावर ठेवला. ज्याला रिपोर्टची वाट बघायची त्याने वात वळत बघावी. धोंडीला वायफाय परत मिळालं, दिवसाला दोनशे वातींच्या बोलीवर. अप्पा जाड वळत, त्यांच्या वाती समईला राखून ठेवल्या. नवशाची साखर आता महिन्यातून एकदा तपासायची होती, तरी तो दर मंगळवारी येऊ लागला.

आणि दुपारी चार ते साडेचार उमाताई स्वतः बसत. पाठ सरळ, कापूस तोलून घेतलेला, प्रत्येक वात पाच सेंटिमीटर. दहा मिनिटांत अकरा वाती होत. इंदूबाई ते वहीत वेगळ्या रकान्यात मांडत.

एका दुपारी इंदूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग उमाताईंच्या मांडीकडे.

“बाई, काल अकरा होत्या. परवा अकरा. आज नऊच?”

“शक्य नाही.”

“मांडलंय. बगा.”

उमाताईंनी वही पाहिली. अकरा, अकरा, अकरा, नऊ.

“कापूस वेगळा असेल,” त्या म्हणाल्या.

“कापूस तोच हाय.”

“पंखा…”

“पंका पन तोच.” इंदूबाईंनी वही मिटली आणि, ज्या बाईने तेवीस वर्षं कुणाच्या आजाराचं नाव फोडलं नाही तिच्या आवाजात, हळूच विचारलं, “काल रातच्यानं नवीन काय घातलंय का तुमी?”

उमाताईंनी नाकावरचा नवा चष्मा काढला, डबीत ठेवला आणि पर्समधून जुना काढून लावला. पुढच्या दहा मिनिटांत वाती अकरा झाल्या.